चित्रपट-संकलनाच्या शैली कशा बदलत गेल्या: कात्री, टेप आणि प्रेक्षकाची नजर

रीळवाला

मागच्या महिन्यात पुतण्या घरी आला असताना आम्ही मिळून प्रभातचा 'कुंकू' (१९३७) पाहिला. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "काका, चित्रपट चांगला आहे, पण तेव्हाच्या एडिटरला कात्री लावायची मनाई होती का?" प्रश्न थट्टेचा होता, तरी तो माझ्या डोक्यातून जाईना. पूर्वी संकलन संथ होते, हळूहळू ते वेगवान झाले आणि आता इतके वेगवान झाले आहे की डोळे दुखतात, ही समजूत मी अनेकांकडून ऐकलेली आहे. मी ऐंशीच्या दशकात मुंबईत सहायक संकलक म्हणून कामाला लागलो आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे ह्याच धंद्यात काढली. त्या अनुभवावरून मला ही समजूत अर्धवट वाटते. कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणे, किती लवकर पडतो हे मोजता येते, म्हणून आपण तेच मोजत बसतो. दोन शॉटांच्या मधली जागा भरण्याचे काम प्रेक्षकावर किती सोपवायचे, हे ज्या त्या काळाने वेगळे ठरवले, आणि ते पुष्कळदा संकलकाच्या हाताखाली कोणते यंत्र आहे ह्यावर अवलंबून राहिले. ह्यावर बोलावे म्हणून हा धागा काढला आहे. जाणकारांनी भर घालावी, आणि चुकेल तिथे कान धरावा.

आरंभी कट नव्हताच. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी दाखवलेले चित्रपट एकेका सलग शॉटचे, जेमतेम पाऊण-एक मिनिटाचे होते, कारण कॅमेऱ्यात तेवढीच फिल्म मावत असे. मेलिएसने कॅमेरा मध्येच थांबवून माणसे गायब केली, परंतु ती रंगमंचावरची जादू होती. कथा एका जागेवरून दुसरीकडे नेण्याची अडचण कशी सुटत गेली ह्याचा सर्वांत बोलका पुरावा मला एडविन पोर्टरच्या १९०३ सालच्या 'लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन' ह्या छोट्या चित्रपटात दिसतो. जळत्या घरातून एक बाई आणि तिचे मूल ह्यांची सुटका होते. ती आधी खोलीच्या आतून पूर्ण दाखवलेली आहे: बंबवाला येतो, बाईला उचलून खिडकीतून खाली नेतो, परत येऊन मुलाला नेतो. त्यानंतर तीच सुटका रस्त्यावरून, अगदी पहिल्यापासून, पुन्हा दाखवलेली आहे. पुढे कोणीतरी हे दोन शॉट कापून आत-बाहेर, आत-बाहेर असे एकमेकांत विणले, आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे तीच प्रत असल्यामुळे कित्येक वर्षे इतिहासकार पोर्टरला समांतर संकलनाचे श्रेय देत राहिले. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हक्कनोंदणीसाठी ठेवलेली कागदी प्रत तपासल्यावर मूळ रचना उघडकीस आली. मला ह्यात पोर्टरचे अज्ञान दिसत नाही. एखादी घटना दोन जागांवरून पाहायची तर ती दोनदा पाहावी लागणार, असे तेव्हाच्या प्रेक्षकाला वाटले असेल तर त्यात वावगे काय आहे? प्रत्यक्षात आपणही एका वेळी एकाच जागी उभे असतो.

अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथने १९०९ च्या 'द लोनली व्हिला'मध्ये घरात अडकलेली बायको आणि मुली, दार फोडू पाहणारे चोर आणि घराकडे धावत निघालेला नवरा अशा तीन जागा आलटूनपालटून दाखवल्या. आपल्याकडे हरिदास 'इकडे लंकेत काय झाले' असे म्हणून आख्यान तोडतो आणि श्रोते बिनतक्रार समुद्र ओलांडतात. ग्रिफिथने 'इकडे' हा शब्द न उच्चारता तेच केले. १९१६ च्या 'इन्टॉलरन्स'मध्ये मात्र त्याने चार निरनिराळ्या काळांतल्या चार कथा एकमेकींत गुंफल्या, आणि तिथे प्रेक्षकाची दमछाक झाली. चित्रपट धंद्याच्या दृष्टीने आपटला.

मग बोलपट आला आणि घड्याळाचे काटे उलटे फिरले. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर'साठी वापरलेल्या व्हिटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नव्हे, तर सोळा इंची तबकडीवर असे. एका रिळाला एक तबकडी. तबकडीला कात्री लावता येत नाही. चित्रातली एक फ्रेम काढली तरी ओठ आणि शब्द ह्यांची फारकत होणार, म्हणून चित्रपटगृहात फिल्म तुटली तर जितक्या फ्रेम वाया गेल्या तितक्याच काळ्या फ्रेम तिथे जोडाव्या लागत. कॅमेऱ्याचा खडखडाट मुद्रित होऊ नये म्हणून त्याला बंद खोपटात कोंडले गेले. मूकपटाच्या शेवटच्या वर्षांत कॅमेरा आणि कट ह्यांनी जे स्वातंत्र्य कमावले होते ते काही काळ पूर्ण गेले. संथ संकलन ही त्या काळच्या लोकांची आवड होती असे आपण समजतो, परंतु पुष्कळसे संथपण हे ध्वनियंत्राने घातलेल्या बेड्यांमुळे होते.

आपल्याकडे ह्या बेड्या वेगळ्याच वाटेने सुटल्या. १९३१ चा 'आलम आरा' किंवा प्रभातचा १९३२ चा 'अयोध्येचा राजा' घ्या; गाणे आणि चित्र तेव्हा एकदमच मुद्रित होत असे. वादक झाडामागे किंवा चौकटीबाहेर लपून बसत आणि गाणाऱ्या नटाला फारसे हलता येत नसे. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन वापरले गेले, आणि त्याचा गायनाइतकाच मोठा परिणाम संकलनावर झाला, ह्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आवाज आधीच तयार असल्यामुळे पहिली ओळ अंगणात, दुसरी नदीकाठी आणि अंतरा थेट डोंगरावर चित्रित करता येऊ लागला. संवादाच्या प्रसंगात नजरेची दिशा आणि पदराची घडीसुद्धा काटेकोरपणे सांभाळणारा संकलक गाण्यात एका कटात ऋतू बदलतो, कपडे बदलतो, शहर बदलतो, आणि 'हे कसे काय?' असे कोणीही विचारत नाही. सातत्य मोडण्याचे धडे आमच्या प्रेक्षकाने युरोपच्या नवलाटेची वाट न पाहता गाण्यांतून घेतले होते, असे माझे मत आहे. ह्यावर वाद घालायला मी तयार आहे.

आता थोडे यंत्राविषयी. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम असतात, एका सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात आणि हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. आम्ही पांढऱ्या मेणाच्या पेन्सिलीने फ्रेमवर खूण करीत असू, स्प्लायसरवर पट्टी कापून टेपने जोडत असू, आणि कापून उरलेले तुकडे, म्हणजे ट्रिम, बिनच्या, म्हणजे तुकडे ठेवायच्या पेटीच्या, खिळ्यांना टांगून ठेवत असू. बिनच्या तळाशी कापडी पिशवी असे आणि तिच्यात काय काय पडे ते विचारू नका. फिल्मच्या कडेला फुटाफुटावर छापलेला क्रमांक असतो. तुकडा फुटापेक्षा लहान असला तर त्यावर क्रमांक असेलच असे नाही. माझ्या पहिल्याच वर्षी आमच्या गुरुजींनी एका आईच्या क्लोजअपमधून आठ फ्रेम काढल्या, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत मागितल्या. मला त्या सापडेनात. पूर्ण दिवस मी पिशवीत डोके घालून बिनक्रमांकाचे तुकडे दिव्यासमोर धरून पाहत होतो. तेव्हापासून 'हल्ली कट वेगवान झाले' असे कोणी म्हटले की मला आधी त्या आठ फ्रेम आठवतात.

मोंताज

धागा आवडला. रीळवाला ह्यांनी ग्रिफिथवरून थेट बोलपटावर उडी मारली आणि मधला रशिया गाळला, ते मुद्दाम असावे असे धरून मी ती जागा भरते.

क्रांतीनंतर मॉस्कोत कच्च्या फिल्मची चणचण होती आणि दिग्दर्शक आणि शिक्षक कुलेशोव्हच्या कार्यशाळेतले विद्यार्थी नवे चित्रित करण्याऐवजी हाती असलेलेच चित्रपट तोडून जोडत बसत. मोझझुखिन ह्या नटाच्या त्याच एका निर्विकार चेहऱ्यापुढे कधी सूपची थाळी, कधी शवपेटी, कधी स्त्री असे शॉट जोडले, आणि पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि वासना दिसली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. तिच्याविषयी जे कळते ते कुलेशोव्ह आणि त्याचा शिष्य पुदोव्हकिन ह्यांच्या सांगण्यावरून. तरी त्यातला विचार टिकला, तो हा, की अर्थ शॉटमध्ये नसून शेजारात असतो. आयझेनस्टाइनने १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये दगडी सिंहांचे तीन शॉट लागोपाठ ठेवले: एक निजलेला, एक मान वर केलेला, एक उठून बसलेला. तीन वेगळे पुतळे, तिन्ही अचल. पडद्यावर मात्र दगड जागा होतो.

परंतु ज्याला संकलनाचा खरा कारखाना पाहायचा असेल त्याने १९२९ चा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' पाहावा. दिग्दर्शक वेर्तोव्हची पत्नी एलिझावेता स्विलोव्हा ही त्याची संकलक, आणि ती पडद्यावर आपल्या टेबलाशी बसलेली दिसते. धावता घोडा अचानक थबकतो, चित्र गोठते, मग मुलांचे चेहरे गोठलेले दिसतात, आणि क्षणभराने तेच चेहरे तिच्या हातातल्या पट्टीवर लहान लहान चौकोन होऊन येतात. ती पट्टी पाहते, कापते, वर्गवारीच्या फळीवर ठेवते. आणि त्या चौकोनातले मूल पुन्हा हसू लागते. स्वतःच्या कामाचे वर्णन ह्याहून नेमके कोणत्याही संकलकाने केलेले मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. हॉलिवुडच्या आरंभीच्या काळात कापाजोडीचे काम शिवणकामासारखे हलके समजले जात असल्यामुळे ते मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे होते. मार्गारेट बूथ तर एमजीएममध्ये अनेक दशके संकलनाची प्रमुख होती, आणि १९४० च्या 'नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलिस'साठी ॲन बॉकन्सला संकलनाचे ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे करीत होत्या. श्रेयनामावलीत नाव येण्याइतके हे काम मोठे मानले गेले नव्हते, एवढेच.

साधाप्रेक्षक

मी ह्या क्षेत्रातला नाही, चित्रपट पाहणारा आहे, म्हणून प्रश्न भाबडा वाटल्यास क्षमा असावी. वरचे सर्व मान्य केले तरी हल्लीच्या हाणामारीच्या प्रसंगांत कोण कोणाला मारतो आहे हे मला खरोखरच कळत नाही. दर सेकंदाला कट, प्रत्येक शॉट हलणारा, आणि शेवटी उभा कोण राहिला ह्यावरून निकाल समजून घ्यायचा. 'प्रेक्षकावर सोपवले' असे ह्याला म्हणायचे, की प्रेक्षकापासून लपवले असे म्हणायचे? शिवाय फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या जंप कटविषयी इतके वाचले आहे, परंतु तो दोष न ठरता शैली कशी ठरला हे कोणी समजावून सांगेल का?

टाइमलाइन

मी संगणकावरच शिकलेला आणि संगणकावरच काम करणारा संकलक आहे. फिल्म हातात धरली आहे ती फक्त विद्यार्थी असताना, कुतूहल म्हणून. त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे असे समजा.

आधी आकडे. डेव्हिड बॉर्डवेल ह्या अभ्यासकाने अमेरिकन चित्रपटांतल्या शॉटांची सरासरी लांबी मोजली, तेव्हा १९३० ते १९६० ह्या काळात ती सामान्यतः आठ ते अकरा सेकंद भरली आणि शतकाच्या अखेरीस अनेक चित्रपटांत तीन ते सहा सेकंदांवर आली. मात्र त्याचा निष्कर्ष 'जुने नियम मोडले' असा नाही. नजरेची दिशा, एकशेऐंशी अंशांची रेषा (म्हणजे कॅमेरा पात्रांच्या एकाच बाजूला ठेवणे), एका शॉटात सुरू झालेली हालचाल दुसऱ्यात पूर्ण होणे, हे सगळे जुने व्याकरण शाबूत राहिले आणि फक्त तीव्र झाले, असे तो म्हणतो. माझा रोजचा अनुभवही तसाच आहे.

दुसरे, यंत्राबाबत रीळवाला म्हणतात ते खरे आहे. 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) साठी साडेबारा लाख फूट फिल्म चित्रित झाली होती, म्हणजे दोनशे तीस तासांहून अधिक. त्याच्या संकलकांपैकी एक वॉल्टर मर्च, त्याने पुढे हिशेब केला की सगळ्या संकलकांचे कामाचे दिवस आणि अंतिम कट ह्यांचा भागाकार दिवसाला १.४७ कट एवढाच येतो. बाकीचा वेळ पाहण्यात, नाकारण्यात, पुन्हा जोडण्यात गेला. त्याच मर्चने 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) अर्ध्यातून ॲव्हिड ह्या संगणकीय संकलन-यंत्रणेवर नेला आणि संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ ठरली. आता कट करायला एक कळ पुरते आणि तो रद्द करायलाही एकच. कट स्वस्त झाला की त्याची उधळपट्टी होते, हे मी नाकारत नाही. माझ्याच टाइमलाइनवर एका प्रसंगाच्या सतरा आवृत्त्या पडून असतात, आणि निर्मात्याला त्या सगळ्या पाहायच्या असतात.

तरी साधाप्रेक्षक ह्यांनी 'मॅड मॅक्स: फ्यूरी रोड' (२०१५) पुन्हा पाहावा असे सुचवतो. संकलक मार्गारेट सिक्सेलसमोर सुमारे ४८० तासांचे चित्रीकरण होते आणि अंतिम चित्रपटात दोन तासांत सुमारे २७०० शॉट आहेत. म्हणजे शॉटची सरासरी तीन सेकंदांच्याही आत. तरीही कोण कुठल्या गाडीवर आहे हे आपल्याला कधीच शोधावे लागत नाही. कारण असे, की महत्त्वाची वस्तू प्रत्येक शॉटात चौकटीच्या मध्यभागी राहील हे चित्रीकरणाच्या वेळीच ठरवले होते. कट पडला तरी डोळा जिथे होता तिथेच असतो, त्यामुळे शोधाशोधीत वेळ जात नाही. तुम्हाला ज्या हाणामाऱ्या कळत नाहीत त्यांत नजर दर कटाला डावीकडून उजवीकडे फेकली जाते. दोष लांबीचा नाही, डोळ्याच्या प्रवासाचा आहे.

रीळवाला

मोंताज ह्यांचे आभार. रशिया मी मुद्दाम गाळला नव्हता, लेख लांबत चालला म्हणून घाबरलो होतो. टाइमलाइन ह्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे आणि तसे लिहायला थोडे जड जाते आहे.

जंप कटाविषयी. १९६० च्या 'ब्रेथलेस'चा पहिला जोड फार लांब झाला होता. अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे आख्खे प्रसंग काढून टाकणे. गोदार आणि संकलक सेसिल दकुजी ह्यांनी प्रसंग ठेवले आणि शॉटांच्या पोटातून तुकडे काढले. उघड्या मोटारीत बसलेली जीन सीबर्ग मागून दिसते. तिचे डोके चौकटीत जवळजवळ तिथेच राहते आणि मागचे पॅरिस मात्र दर कटाला उडी मारते. बोलणाऱ्याचा आवाज चालूच असतो. नियमाप्रमाणे हा दोष आहे, कारण कोन न बदलता कट केला की चित्र उचकी दिल्यासारखे हलते, आणि आमच्या वेळी असा कट नवख्याने केला असता तर त्याला चहा आणायला पाठवले असते. परंतु तिथे उचकीची जागा एक नसून अनेक आहेत, आणि त्यांना लय आहे. एकदा आले ते चुकले असे वाटते, पाचदा आले की ती बोलण्याची पद्धत होते. नायकही तसाच आहे, कुठल्याच गोष्टीत शेवटपर्यंत न थांबणारा. म्हणून ते खपले.

उलट बाजूचे उदाहरण १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चे. लॉरेन्स जळती काडी फुंकतो आणि पडद्यावर पहाटेचे वाळवंट येते. पटकथेत तिथे डिझॉल्व्ह लिहिलेला होता, म्हणजे एक चित्र विरत जाऊन त्यात दुसरे उमलणार. डिझॉल्व्ह मात्र प्रयोगशाळेत तयार होऊन येतो. तोवर टेबलावर दोन्ही शॉट नुसतेच एकमेकांना जोडलेले असतात आणि वर पेन्सिलीची खूण असते. संकलक ॲन कोट्सने आणि दिग्दर्शक डेव्हिड लीनने तो कच्चा जोड चालवून पाहिला, आणि खूण पुसली गेली. कोट्स सांगत असत की नंतर त्यांनी त्यातून केवळ दोन फ्रेम काढल्या. आजच्या संगणकावर डिझॉल्व्ह त्याच क्षणी दिसला असता, आणि कदाचित तोच राहिला असता. यंत्राच्या उणिवेनेही कधी कधी शैली घडते, एवढेच मला म्हणायचे आहे.

पेठेतली_प्रभा

परदेशाविषयी पुष्कळ झाले. पुण्यात ज्या आवारात प्रभातचे स्टुडिओ होते तिथेच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिथल्या संकलनाच्या वर्गातून बाहेर पडलेल्या रेणू सलुजा ह्यांचे नाव अजून धाग्यात आले नाही, ह्याचे आश्चर्य वाटते. 'जाने भी दो यारों' आणि 'अर्धसत्य' हे दोन्ही १९८३ चे चित्रपट त्यांनीच संकलित केले. एकात विनोदाची गाडी घसरू न देता पळवायची, दुसऱ्यात ओम पुरींच्या चेहऱ्यावरचा संताप फुटू न देता धरून ठेवायचा. दोन्हींची लय एकाच वर्षी एकाच हाताने सांभाळली गेली. पुढे 'परिंदा' (१९८९) साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००० साली त्यांचे अकाली निधन झाले.

'शोले' (१९७५) विषयी इतके लिहिले जाते, परंतु त्याला मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार संकलनाचा होता आणि तो एम. एस. शिंदे ह्यांना मिळाला हे आपल्याच लोकांना आठवत नाही. ठाकूरचे हात तोडण्याचा प्रसंग आठवून पाहा. गब्बर तलवारी उगारतो, त्या खाली येतात, आणि कट थेट वर्तमानकाळात उभ्या असलेल्या ठाकूरवर जातो. अंगावरची शाल वाऱ्याने गळून पडते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. घाव पडद्यावर नाही. तरी मी लहानपणी शपथेवर सांगत असे की हात तुटताना मी पाहिले आहेत. हिचकॉकच्या 'सायको'तल्या न्हाणीघराच्या प्रसंगाची महती सांगताना ७८ कॅमेऱ्याच्या जागा आणि ५२ कट असे आकडे फेकले जातात. इथे ते काम एका कटाने झाले आहे.

आणि वेगाचाच मुद्दा असेल तर आपल्या शेजारच्या दोन मराठी चित्रपटांकडे पाहावे. 'कोर्ट' (२०१४) मध्ये प्रसंगातले काम संपले तरी शॉट संपत नाही. दिवसाचे कामकाज आटोपते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि पडदा काळोखात तसाच राहतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पायाखालची पिशवीसुद्धा उचलली होती. मग चित्रपट पुन्हा सुरू होतो, न्यायाधीश सहलीला निघालेले असतात, आणि त्या काळोखातल्या काही सेकंदांत आपण खटल्याचा जो शेवट मनात करून टाकला होता तो आपल्याला परत घ्यावा लागतो. 'सैराट' (२०१६) मध्ये गाण्यांचा तो सगळा जल्लोष ओलांडून शेवटाला आवाजच काढून घेतला आहे. बाहेरून आलेले लहान मूल दारातून आत पाहते आणि मागे वळते, तेव्हा त्याची पावले रक्ताची उमटतात. तिथे पार्श्वसंगीत असते तर कुठे रडायचे हे आम्हाला कळले असते. हे दोन्ही चित्रपट संगणकाच्याच काळातले आहेत, हे टाइमलाइन ह्यांच्या बाजूने जाते.

साधाप्रेक्षक

'कोर्ट'च्या वेळी पिशवी उचलणारा मीही होतो, फक्त चित्रपटगृह वेगळे असावे. डोळ्याच्या प्रवासाचा मुद्दा लक्षात ठेवून काल 'फ्यूरी रोड' पाहिला. पटला, तरी डोके दुखायचे ते दुखलेच. आता रीळवाला ह्यांना एकच विचारतो. त्या आठ फ्रेम सापडल्या का? आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने असा काय फरक पडतो की मोठ्या माणसाने एकदा काढून पुन्हा मागावा?

रीळवाला

सापडल्या. पिशवीत नव्हत्या. संकलनाच्या खोलीत आम्ही वहाणा बाहेर काढून जात असू, आणि त्या दिवशी घाईत मी आत तशाच नेल्या होत्या. संध्याकाळी घरी निघताना उजव्या चपलेच्या तळाला टेपच्या तुकड्यासकट ती पट्टी चिकटलेली दिसली. ओरखडे पडले होते, पण आम्ही कापत असू ती पॉझिटिव्हची कामाची प्रत असे. निगेटिव्ह प्रयोगशाळेत सुरक्षित असल्यामुळे माझी नोकरी वाचली.

फरकाचे सांगतो. प्रसंग असा होता की आईच्या हातात मुलाचे पत्र आहे, तिला वाचता येत नाही, आणि ती ते शेजारच्या मुलीकडे देते. पहिल्या जोडात ती पत्राकडे पाहते आणि हात पुढे करते. गुरुजींना हात पुढे येण्याआधीचे थांबणे रेंगाळलेले वाटले, म्हणून त्यांनी आठ फ्रेम काढल्या. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म चालवून पाहायच्या टेबलावर, तीनदा चालवून ते म्हणाले की बाईला पत्रात काय आहे ते आधीच कळले आहे असे दिसते; ती विचारायला मुलीकडे जात नाही, सांगायला जाते आहे. मला काहीच दिसले नव्हते. पट्टी परत जोडल्यावर दिसले: त्या आठ फ्रेममध्ये तिची नजर कागदाच्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरते, अक्षर ओळखीचे आहे का ते शोधत, आणि मगच हात हलतो. ती नजर गेली की निरक्षर बाई साक्षर होत होती.

काही आठवड्यांनी निगेटिव्ह कापणाऱ्या बाईंनी कामाची प्रत पाहून निरोप पाठवला की अमुक रिळात दोन जोडांच्या मध्ये आठ फ्रेमचा एक खरवडलेला तुकडा आहे, तो चुकून राहिला आहे की ठेवायचा आहे. गुरुजी बाहेर गेले होते, म्हणून उत्तर मलाच द्यावे लागले. ठेवायचा आहे, असे मी कळवले.